यादीच्या पोटांतली यादी

गेल्या अंकांत वचन दिल्याप्रमाणें या वेळीं अधिकमासाविषयीं लिहावयाचें होतें. परंतु मध्यंतरीं आमच्या घरीं असा एक प्रकार घडला कीं, त्याची हकीकत सांगितल्यावांचून आमची लेखणी दुसऱ्या विषयाकडे वळेना. अधिकमास पुढल्या खेपेस. आजचा विषय संगणकाचा आहे असें म्हणतांच कांहीं वडीलधारी मंडळी पान उलटूं लागतील. त्यांस आमची विनंति कीं, त्यांनीं क्षणभर थांबावें. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढें पाठशाळेंत थोडें संस्कृत झालें, आणि उभा जन्म मुलांस शब्दरूपें व समास शिकविण्यांत गेला. आम्हांस जें समजलें तें कोणासही समजेल.

आमच्या कुळाचें संमेलन गेल्या वैशाखांत मूळ गांवीं भरावयाचें ठरलें होतें. कुळांतील घरें पन्नासांहून अधिक, आणि तीं गांवोगांव पांगलेलीं. निमंत्रणें धाडण्याचें काम आमच्या नातवानें अंगावर घेतलें. तो येथें पुण्यासच संगणकशास्त्र शिकतो, व संकेतस्थळें रचण्याची विद्या त्यास बऱ्यापैकीं अवगत आहे. सगळी वंशावळ त्यानें संगणकांत भरली, तींतून घरांचे पत्ते निघावे व प्रत्येक घरीं आपोआप पत्र जावें अशी योजना केली, आणि निघालेली यादी छापून आम्हांस तपासावयास दिली. आम्हीं पहिलें पान वाचलें. आमचें, भावांचें, चुलत भावांचें अशीं घरें ओळीनें दिसलीं. “उत्तम” म्हणून आम्हीं चष्मा काढून ठेवला. ही गोष्ट वाचकांनीं लक्षांत ठेवावी. तिचा हिशेब शेवटीं द्यावयाचा आहे.

संमेलनास बारा दिवस उरले असतां इंदूरहून दूरध्वनि आला. बोलणारे आमचे चुलत पुतणे. थोरल्या पातीचे असल्यामुळें नात्यानें पुतणे, पण वयानें आमच्याहून नऊ वर्षांनीं वडील. ते आम्हांस काका म्हणतात आणि आम्ही त्यांस अहोजाहो करतों. त्यांनीं प्रकृति विचारली, उन्हाळ्याचें विचारलें, आणि मग अगदीं सावकाश म्हणाले, “काका, बडोद्याच्या घरीं पत्र आल्याचें कळलें. आमच्याकडे आलें नाहीं, देवासलाही नाहीं. विचारूं नये, पण विचारतों. आम्ही अजून कुळांत आहों ना?”

या प्रश्नाचें वजन कळण्यासाठीं एक जुनी गोष्ट सांगणें प्राप्त आहे. आमच्या तीर्थरूपांच्या हयातींत जमिनीची वाटणी झाली, तींत इंदूरच्या घरावर अन्याय झाला असें त्या घराचें मत होतें. आणि खरें सांगावयाचें तर तें मत अगदींच निराधार नव्हतें. पुष्कळ वर्षें जाणेंयेणें बंद होतें. अलीकडे कोठें लग्नकार्यांच्या निमित्तानें तें पुन्हां सुरू झालें होतें. अशा घरासच नेमकें पत्र जाऊं नये, आणि तें यंत्राच्या चुकीनें राहिलें असें आम्हीं म्हणावें, यावर कोण विश्वास ठेवील? आम्ही स्वतः त्यांच्या जागीं असतों तर ठेवला नसता.

रात्रीं जेवणें आटोपल्यावर नातू कागद घेऊन आमच्यापुढें बसला. मुलगा रडकुंडीस आला होता. “आजोबा, यंत्रानें मीं सांगितलें तेंच केलें. मींच अपुरें सांगितलें,” असें म्हणून त्यानें वंशावळीचा एक तुकडा कागदावर मांडला तो असा:

[मूळ गांव, [पुणें, नाशिक], [सातारा, [बडोदें, [इंदूर, देवास]]]]

संगणकाच्या भाषेंत यादीस ॲरे म्हणतात आणि ती चौकटी कंसांत लिहितात. यादींत साध्या वस्तूच असाव्या असा नियम नाहीं. यादीच्या पोटांत दुसरी यादी, तिच्या पोटांत तिसरी, असें कितीही खोल जातां येतें. वरच्या मांडणींत बाहेरच्या कंसांत सात घरें दिसत असलीं तरी यंत्राच्या दृष्टीनें तेथें तीनच वस्तु आहेत: एक घर आणि दोन याद्या. जीं घरें एकत्र नांदलीं तीं वरच्यावर सांपडतात. ज्या पातीचीं घरें पोटासाठीं दूरदूर गेलीं तीं फुटून फुटून आंत आंत गेलीं. साताऱ्याहून बडोदें, बडोद्याहून इंदूर. इंदूर तिसऱ्या पदराखालीं आहे.

पत्रें पाठवावयाचीं तर सातही घरें एका ओळींत हवींत, मधले कंस नकोत. या कामास यादी सपाट करणें असें म्हणतात. जावास्क्रिप्ट नांवाच्या ज्या भाषेंत संकेतस्थळांचें बहुतेक हालतेंबोलतें काम चालतें, तींत यासाठीं ‘फ्लॅट’ या नांवाची तयार सोय आहे. परंतु तिला कांहीं न सांगितल्यास ती एकच पदर उलगडते. अधिक हवे असल्यास किती तो आंकडा द्यावा लागतो. नातवानें प्रयोगासाठीं आमच्याच पातीचीं घरें घेतलीं होतीं. तीं दोन पदरांत संपतात, म्हणून त्यानें दोन हा आंकडा दिला. प्रयोग बिनचूक उतरला. मग तोच आंकडा त्यानें सबंध कुळास लावला, आणि निघालें तें असें:

[मूळ गांव, पुणें, नाशिक, सातारा, बडोदें, [इंदूर, देवास]]

पांच घरें सुटीं झालीं. सहावी वस्तु मात्र घर नसून न उघडलेली यादी राहिली. पत्र धाडणाऱ्या भागानें तिलाही पत्ता विचारला. यादीस कसला पत्ता? या भाषेंत नसलेली गोष्ट विचारली असतां यंत्र तक्रार करीत नाहीं, ‘अनडिफाइन्ड’ म्हणजे ‘ठरलेलें नाहीं’ एवढेंच उत्तर देतें. कांहीं घरांचे पत्ते ठाऊक नसल्यामुळें ‘पत्ता नसेल तर पुढें जा’ अशी सूचना नातवानें आधींच देऊन ठेवली होती. यंत्र पुढें गेलें. इंदूर व देवास गप्पपणें मागें राहिलीं.

“मग दोनाच्या ठिकाणीं तीन लिही,” आम्हीं सुचविलें. “उद्यां देवासच्या घरांतून आणखी दोन घरें झालीं म्हणजे?” तो म्हणाला. आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. कुळ किती पदरांचें होईल हें आज कोणीं सांगावें? खोली ठाऊक नसतांना उलगडा करतां आला पाहिजे. फ्लॅटला आंकड्याऐवजीं ‘अनंत’ सांगण्याची मुभा आहे, आणि केवळ सपाट करावयाचें असेल तर तेंच सोपें. परंतु आपलें आपण हें काम कसें होतें हें कळल्याशिवाय आतां हात लावणार नाहीं, असें त्याच्या मनानें घेतलें होतें, आणि आम्हांस तें योग्य वाटलें.

तो म्हणाला, “एक फंक्शन लिहावयाचें. त्यानें यादी घ्यावी आणि सपाट यादी परत द्यावी. आंत दुसरी यादी भेटली तर त्यानें स्वतःसच हांक मारावी.” फंक्शन म्हणजे एखादें काम करण्याची नांव देऊन ठेवलेली रीत. तिनें स्वतःसच बोलावणें यास रिकर्शन म्हणतात. हें ऐकतांच आमच्यांतला जुना विद्यार्थी जागा झाला. आम्हीं म्हटलें, “अरे, हा तर आत्माश्रय दोष! घट म्हणजे काय, तर घट, असें सांगण्यासारखें. आणि असें एकांतून एक चालूं राहिलें तर अनवस्था. न्यायशास्त्रांत दोन्ही दोष निषिद्ध आहेत. सपाट कसें करावें, तर सपाट करून, हें काय उत्तर झालें?”

नातू वाद घालीत बसला नाहीं. त्यानें घरांतलीं लग्नपत्रिकांचीं जुनीं पाकिटें आणलीं, सात चिठ्ठ्यांवर सात गांवांचीं नांवें लिहिलीं, आणि वरच्या कंसांप्रमाणें पाकिटांत पाकीट घालून मोठें पाकीट आमच्या हातीं दिलें. नियम दोनच. हातीं चिठ्ठी आली तर ती पाटावर ओळीनें ठेवावी. पाकीट आलें तर तें उघडून त्याच दोन नियमांनीं रिकामें करावें, आणि मग हातचें उरलेलें काम पुढें चालवावें. आम्ही उघडूं लागलों. मूळ गांवची चिठ्ठी पाटावर गेली. पुण्यानाशिकाचें पाकीट उघडलें, दोन चिठ्ठ्या पाटावर गेल्या. साताऱ्याचें उघडलें, त्यांतून बडोद्याचें पाकीट निघालें, त्यांतून आणखी एक लहानसें. त्यांत इंदूर आणि देवास. सातही चिठ्ठ्या ओळीनें पाटावर होत्या, आणि पदर किती हें आम्हीं एकदांही मोजलें नव्हतें.

तेव्हां आमची शंका फिटली. आत्माश्रय तेथें होतो जेथें ती वस्तु त्याच वस्तूनें सांगितली जाते. येथें नियम तोच असला तरी पाकीट तें नव्हे. प्रत्येक खेपेस पाकीट आधींच्याहून लहान असतें, आणि चिठ्ठीपाशीं येऊन काम थांबतें. म्हणून अनवस्थाही नाहीं. किंबहुना हें आम्ही जन्मभर करीत आलों होतों. ‘राजपुरुषगृहद्वारम्’ असा सामासिक शब्द फळ्यावर लिहिला म्हणजे मुलांस आम्ही काय सांगत असूं? आधीं बाहेरचा समास सोडवा: गृहाचें द्वार. मग पूर्वपद पाहा. तेंही समास असेल तर त्याच रीतीनें सोडवा: राजपुरुषाचें गृह. पुन्हां पूर्वपद: राजाचा पुरुष. साधें पद आलें कीं थांबा. समास दोन पदांचा असो वा दहांचा, नियम वाढत नाहीं. नातवास हें सांगितलें तेव्हां तो हंसून म्हणाला, “आजोबा, तुम्ही निवृत्त होईपर्यंत रिकर्शनच शिकवीत होतां.”

आमच्या पूर्वजांच्या गणितांतही ही चाल दिसते. पिंगलाच्या छंदःशास्त्रांत, अमुक अक्षरांच्या चरणाचे लघुगुरूंनीं किती प्रकार होतात, हें काढण्याची रीत अशी आहे: संख्या सम असेल तर अर्धी करा, विषम असेल तर एक कमी करा, आणि शून्य येईपर्यंत प्रत्येक पायरीची खूण ठेवा. मग उलट्या क्रमानें वर येतांना, एक कमी केला होता तेथें दुप्पट करा व अर्धें केलें होतें तेथें वर्ग करा. सहा अक्षरें घ्या: सहाचे तीन, तिनाचे दोन, दोनाचा एक, एकाचें शून्य. परत येतांना एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ, आठांचे चौसष्ट. खालीं उतरतांना काम लहान करीत जावयाचें आणि वर येतांना पुरें करीत यावयाचें, हेंच रिकर्शनचें मर्म.

आतां ज्या घरांतील मुलें ही विद्या शिकत असतील त्यांच्यासाठीं ती रीत शब्दांत देतों. एक रिकामी यादी घ्यावी. दिलेल्या यादींतील वस्तु ओळीनें पाहाव्या. वस्तु यादी नसेल तर ती रिकाम्या यादीच्या शेवटीं ठेवावी. वस्तु यादी असेल तर तिच्यावर हेंच फंक्शन चालवावें आणि जें परत येईल त्यांतील वस्तु एकेक करून आपल्या यादीच्या शेवटीं ओताव्या. सर्व वस्तु संपल्या म्हणजे यादी परत द्यावी. एवढेंच.

यांत ठेंचा लागण्याच्या जागा चार. पहिली: फंक्शनला हांक मारावी आणि त्यानें परत आणलेलें हातांत घेऊंच नये, मग आंतलीं घरें उघडलीं जाऊनही वाऱ्यावर जातात. दुसरी: परत आलेली यादी न ओततां अखंडच ठेवावी, मग कंस जेथल्या तेथें उभे. तिसरी: यादी कशास म्हणावें हें नीट न विचारणें. ‘टाइपऑफ’ या जुन्या प्रश्नास यादी असो वा साधी वस्तु, उत्तर ‘ऑब्जेक्ट’ असेंच येतें. ‘ही ॲरे आहे काय’ असें थेट विचारण्याची सोय भाषेच्या सन २००९ च्या आवृत्तींत झाली, तीच वापरावी. कोणी ‘जिला लांबी आहे ती यादी’ अशी व्याख्या करील तर फसेल, कारण शब्दासही लांबी असते. शब्दाचीं अक्षरें सुटतील, आणि एका अक्षराचाही पुन्हां एकाक्षरी शब्दच होत असल्यामुळें खरोखरच अनवस्था ओढवेल. चौथी: प्रत्येक अर्धवट काम यंत्रास लक्षांत ठेवावें लागतें. इंदूरचें पाकीट उघडतांना बडोद्याचें, साताऱ्याचें व कुळाचें अशीं तीन कामें थाळ्यांच्या चळतीसारखीं एकावर एक थांबलेलीं असतात. या चळतीस मर्यादा आहे. ती ब्राउझरागणिक बदलते, पण हजारोंच्या घरांत असते. कुळास ती पुरून उरते. मात्र यादीच्या पोटांत चुकून तीच यादी ठेवली गेली तर चळत मर्यादा ओलांडते आणि यंत्र काम टाकून देतें. कसलेल्या नटासही स्वतःच्या खांद्यावर चढतां येत नाहीं, हा जुना दृष्टान्त येथें आठवावा.

या विद्येचा इतिहासही मनोरंजक आहे. याद्या व स्वतःस हांक मारणारीं फंक्शनें यांच्याच पायावर जॉन मॅकार्थी या अमेरिकन गणितज्ञानें लिस्प ही भाषा रचली आणि तिचा प्रबंध सन १९६० मध्यें प्रसिद्ध केला. जावास्क्रिप्ट ही ब्रेंडन आईक यांनीं सन १९९५ मध्यें रचली. परंतु यादी सपाट करण्याची घरची सोय तिला सन २०१९ च्या आवृत्तींत मिळाली. तोंवर ज्यानें त्यानें आपापलें फंक्शन लिहावें. या सोयीचें नांव आधीं ‘फ्लॅटन’ ठरलें होतें. पण मूटूल्स नांवाच्या जुन्या साहित्यसंचानें तेंच नांव पूर्वींच वापरलेलें असल्यामुळें, फायरफॉक्सच्या चांचणी-आवृत्तींत ही सोय घालतांच त्या संचावर उभें असलेलें निदान एक संकेतस्थळ मोडलें. सन २०१८ च्या मार्चांत यावरून मोठा वाद माजला. कोणी थट्टेनें ‘स्मूश’ हें नांव सुचविलें. अखेर मे महिन्यांत ‘फ्लॅट’ वर तडजोड झाली. घरांत त्या नांवाची जाऊबाई आधींच नांदत असली म्हणजे नव्या सुनेचें नांव बदलावें, तसाच हा प्रकार.

नातवाचें नवें फंक्शन सातही घरें देऊं लागलें. पण आम्हांस आणखी एक शंका आली. ‘राजपुरुषगृहद्वारम्’ याचीं चार पदें सुटीं करून ओळीनें मांडलीं तर द्वार कोणाचें आणि पुरुष कोणाचा हें कोठें उरलें? सपाट यादींत इंदूर हें नुसतें सातांपैकीं एक गांव. तें साताऱ्याहून बडोद्यास व बडोद्याहून पुढें कां गेलें, हें कंसांत होतें. कंस गेले, तें गेलें. नातवास तें पटलें. त्यानें फंक्शनच्या हातीं यादीबरोबर वाटेचें नांवही देण्याची युक्ति केली. प्रत्येक पदर उतरतांना वाटेंत त्या शाखेचें नांव जोडलें जातें, आणि प्रत्येक घर आपली वाट घेऊनच ओळींत येतें. मूळ वंशावळ मोडावयाची नाहीं. पत्रांपुरती वेगळी यादी करावयाची. आणि शेवटीं कंस न पाहतां वंशावळींतून हातानें घरें मोजून, तो आंकडा यादीच्या आंकड्याशीं ताडून पाहावयाचा. ही शेवटची सूचना आमची.

राहिला इंदूरचा प्रश्न. पत्र पाठवून भागणार नव्हतें. आम्ही आणि नातू रात्रीच्या गाडीनें इंदूरास गेलों. पुतण्यांनीं चहापाणी केलें, पण बोलणें बेताचें. तेव्हां नातवानें तें मोठें पाकीट त्यांच्या हातीं दिलें आणि उघडावयास सांगितलें. ऐंशीकडे झुकलेल्या त्या बोटांनीं एकेक पाकीट उघडलें. शेवटच्या लहान पाकिटांतून आपल्या घराची चिठ्ठी निघाली ती त्यांनीं बराच वेळ हातांत धरली. मग म्हणाले, “म्हणजे आम्ही होतों. तुम्हीं शेवटचें पाकीट उघडलें नाहीं.” नातू म्हणाला, “मीं उघडलें नाहीं, आजोबा. चूक माझी.” आम्हीं म्हटलें, “त्याची अर्धी. यादी तपासावयास माझ्याकडे आली होती. मीं स्वतःचें घर पाहिलें आणि चष्मा काढला.”

हा तो हिशेब, वाचकहो. यंत्रास इंदूरच्या घराविषयीं कांहीं राग नव्हता. त्यास दोन पदर सांगितले, त्यानें दोन उलगडले. मुलाकडून चूक झाली ती अननुभवानें. आमच्याकडून झाली ती ज्या संवयीनें वाटणीच्या वेळींही झाली असेल तिनें: आपलें घर यादींत आलें म्हणजे यादी पुरी झाली असें समजण्याची संवय. हें आम्हीं पुतण्यांस तेथें बोलून दाखविलें. त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. मात्र जेवून जाण्याचा आग्रह केला.

संमेलनास गुडघ्यांमुळें ते स्वतः येऊं शकले नाहींत. त्यांच्या व देवासच्या घरचीं मिळून अकरा माणसें आलीं, आणि त्यांच्याबरोबर शेवेचा एक मोठा डबा. डब्यावर चिठ्ठी होती: “काकांस. झांकण उघडून पाहावें.”

असो. अधिकमास पुढील अंकीं.